मँचेस्टर अरीना, २२ मे २०१७ : अर्ध्या मैलावरचा बंब आणि न आलेली स्ट्रेचर

ब्रिटनमधल्या मँचेस्टर शहराचं मध्यवर्ती अग्निशमन केंद्र तिथल्या अरीनापासून, म्हणजे कार्यक्रमांच्या मोठ्या बंदिस्त सभागृहापासून, जेमतेम अर्ध्या मैलावर आहे. २२ मे २०१७ च्या रात्री १० वाजून ३१ मिनिटांनी अरीनाला लागून असलेल्या सिटी रूम नावाच्या दालनात आत्मघाती बॉम्बस्फोट झाला, तेव्हा त्या केंद्रातले बंब अरीनाकडे गेले नाहीत. त्यांना घटनास्थळापासून लांब, तीन मैलांवरच्या फिलिप्स पार्क केंद्रात जमायचा आदेश मिळाला. अग्निशमन दल अरीनापाशी पोहोचलं तेव्हा रात्रीचे १२ वाजून ३७ मिनिटं झाली होती. स्फोटानंतर दोन तास सहा मिनिटं. सिटी रूममधला शेवटचा जिवंत जखमी त्याच्या सुमारे तासभर आधीच बाहेर काढून झाला होता.

त्या रात्री २२ जण मृत्युमुखी पडले, शेकडो जखमी झाले. आरियाना ग्रांडेच्या गाण्याचा कार्यक्रम नुकताच संपला होता, म्हणून गर्दीत शाळकरी मुली पुष्कळ होत्या आणि सिटी रूममध्ये त्यांना घरी न्यायला आलेले आईवडील ताटकळत उभे होते.

आपत्कालीन सेवेतल्या प्रत्येकाने, मग तो अग्निशमन जवान असो, १०८ वरचा डॉक्टर असो की कंट्रोलला बसलेला ऑपरेटर, हे प्रकरण बारकाईने वाचावं असं मला कळकळीने वाटतं. पैसा नव्हता, गाड्या जुन्या होत्या, माणसं घाबरली, ही आपली नेहमीची उत्तरं इथे लागू पडत नाहीत. गाड्या होत्या, प्रशिक्षित माणसं होती, कार्यपद्धती छापून तयार होती आणि वर्षभरापूर्वी तिचा मोठा सरावही झाला होता. तरीही पॅरामेडिक, म्हणजे रुग्णवाहिकेवरचे प्रशिक्षित आरोग्यकर्मी, आणि फायरमन पहिले दोन तास एकमेकांच्या शेजारी उभे राहिले नाहीत.

सर जॉन सॉन्डर्स यांच्या अध्यक्षतेखाली या घटनेची सार्वजनिक चौकशी झाली. आपत्कालीन प्रतिसादावरचा तिचा दुसरा खंड नोव्हेंबर २०२२ मध्ये आला. त्याआधी मार्च २०१८ मध्ये लॉर्ड केर्स्लेक यांचा अहवाल आला होता. पुढचं बरंचसं विवेचन या दोन्हींतून पुढे आलेल्या गोष्टींवर आधारलेलं आहे. मतं माझी.

मुंबईनंतर बांधलेली योजना

नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला आणि जगभरच्या पोलिसांनी त्याचा अभ्यास केला. शहरात फिरत, गोळ्या झाडत जाणारे अनेक हल्लेखोर आले तर काय करायचं, या प्रश्नाला ब्रिटनने दिलेलं उत्तर म्हणजे ऑपरेशन प्लेटो. या योजनेत घटनास्थळाचे तीन भाग पाडतात. हल्लेखोर जिथे आहे तो हॉट झोन. पोलीस पुढे सरकलेत पण धोका पुरता टळलेला नाही तो वॉर्म झोन. निर्धोक तो कोल्ड. हॉट झोनमध्ये फक्त सशस्त्र पोलीस जातात. वॉर्ममध्ये खास प्रशिक्षण आणि संरक्षक साहित्य असलेले पॅरामेडिक आणि फायरमन जातात. बाकीचे सगळे कोल्डमध्ये थांबतात.

कागदावर हे चोख आहे. ताजमध्ये गोळीबार आणि स्फोट सुरू असताना मुंबई अग्निशमन दलाचे जवान शिड्या लावून खिडक्यांतून लोकांना उतरवत होते. अशा वेळी कोणी कुठवर जायचं हे आधी ठरलेलं असावं, असं ब्रिटिशांना वाटलं तर त्यात गैर काहीच नाही. पण या योजनेचा सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा आहे. कुठला भाग सध्या कुठल्या झोनमध्ये मोडतो हे कोणीतरी ठरवायला हवं, आणि ते बाकीच्यांपर्यंत पोहोचायला हवं. ती माहिती पोहोचली नाही तर प्रत्येक सेवा स्वतःपुरता धोका धरून चालते, आणि अंधारात धरलेला धोका नेहमी मोठाच असतो.

मँचेस्टरला नेमकं हेच झालं. ग्रेटर मँचेस्टर पोलिसांच्या कंट्रोलमधल्या ड्युटी ऑफिसरने १० वाजून ४७ मिनिटांनी ऑपरेशन प्लेटो जाहीर केलं, कारण सुरुवातीच्या काही फोनवर गोळी लागल्याचे उल्लेख होते. रुग्णवाहिका सेवेला आणि अग्निशमन दलाला ते कळवलंच गेलं नाही. सशस्त्र पोलीस तोवर सिटी रूममध्ये पोहोचले होते आणि गोळ्या झाडणारा कोणी नाही हे त्यांना थोड्याच वेळात उमगलं होतं. ही दुसरी बातमीसुद्धा बाहेर गेली नाही.

चौकशीत त्या अधिकाऱ्याने सांगितलं की आपण मुद्दामच कळवलं नाही, कळवलं असतं तर पॅरामेडिक आतून मागे घ्यावे लागले असते. सॉन्डर्स यांनी हे मान्य केलं नाही. कामाच्या ओझ्याखाली ते राहून गेलं, असा त्यांचा निष्कर्ष आहे. मला हा निष्कर्ष पटतो. मात्र त्या साक्षीतून योजनेचं एक व्यंग उघडं पडतं, त्याकडे दुर्लक्ष करू नये. नियम शब्दशः पाळला असता तर जखमींपाशी पोहोचलेला एकमेव पॅरामेडिकही बाहेर आला असता, अशी शक्यता त्या योजनेतच होती.

एंगेज लागणारा फोन

अग्निशमन दलाच्या बाजूने निर्णय होता तो ड्युटीवरच्या आंतरसेवा संपर्क अधिकाऱ्याकडे. त्यांना वर्दी मिळाली तेव्हा ते घरी होते. त्यांनी पोलिसांच्या ड्युटी ऑफिसरला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. त्या ड्युटी ऑफिसरकडे त्या घटकेला सशस्त्र तुकड्या पाठवणं, घटनेचं नेतृत्व, वरिष्ठांना कळवणं आणि इतर सेवांशी बोलणं, हे सगळं एकाच वेळी आलं होतं आणि शहरातला जो तो त्याच एका नंबरवर फोन करत होता.

खात्रीची माहिती नाही, बंदूकधारी असू शकतो, म्हणून संपर्क अधिकाऱ्यांनी बंब लांबच्या केंद्रावर जमवले. पहिल्या पाच मिनिटांसाठी या निर्णयाला मी दोष देणार नाही. आपल्या माणसांना न बघितलेल्या गोळीबारात ढकलायचं नाही हे अधिकाऱ्याचं कर्तव्यच आहे. दोष आहे तो पुढच्या दीड-पावणेदोन तासांत. फोन लागत नसेल तर माणूस पाठवावा. अरीनापाशी पोलीस आणि रुग्णवाहिका उभ्या आहेत याची माहिती अग्निशमनच्या नियंत्रण कक्षाकडे त्या काळात आलेली होती, ती त्यांच्यापर्यंत पोहोचली नाही. त्यांच्या वरच्या कोणीही आदेश फिरवला नाही. फिलिप्स पार्कात जमलेले जवान घटनास्थळी जायला अधीर झाले होते, वैतागले होते, हे केर्स्लेक अहवालात नोंदलेलं आहे.

तिन्ही सेवांना एकत्र बोलता येईल असा वायरलेसचा सामायिक चॅनल उपलब्ध होता. तो वापरला गेला नाही. जमण्याची जागासुद्धा प्रत्येकाने वेगळी ठरवली होती. एकच जागा ठरली असती तर निदान दोन अधिकारी समोरासमोर आले असते आणि ‘तुमची माणसं आत आहेत का?’ एवढा प्रश्न एकाने दुसऱ्याला विचारला असता. त्या रात्रीचं निम्मं कोडं त्या एका उत्तरात सुटलं असतं.

आत एकच पॅरामेडिक

सिटी रूम हे अरीना आणि व्हिक्टोरिया रेल्वे स्टेशन यांना जोडणारं वरच्या पातळीवरचं दालन. तिथून पूल आणि जिना ओलांडून स्टेशनच्या आवारात उतरावं लागतं. जखमी वर होते आणि रुग्णवाहिका खाली. हा भूगोल लक्षात ठेवायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावरच अडलं.

पहिला पॅरामेडिक सिटी रूममध्ये गेला तो स्फोटानंतर वीसेक मिनिटांनी. धोकादायक भागात काम करण्याचं प्रशिक्षण असलेले आणखी दोघे सव्वाअकराच्या सुमारास आले. शेवटचा जिवंत जखमी खाली नेईपर्यंत आत गेलेल्या पॅरामेडिकची एकूण संख्या तीनच राहिली. खाली स्टेशनपाशी बाकीचे पॅरामेडिक जमत होते, पण त्यांच्या कमांडरने त्यांना वर पाठवलं नाही.

सामूहिक दुर्घटनेत पहिल्या पॅरामेडिकचं काम उपचार करणं नसतं, हे बाहेरच्यांना फार कठोर वाटतं. त्याने एकापाशी थांबायचं नाही. फिरायचं, कोण आधी जायला हवं ते ठरवायचं, बाहेर खबर द्यायची. ही पद्धत बरोबर आहे, पण मागून उपचार करणारी माणसं येताहेत हे गृहीत धरून ती बेतलेली आहे. मागून कोणी आलंच नाही तर फिरणारा पॅरामेडिक हा नुसता मोजणी करणारा माणूस उरतो, आणि त्या रात्री त्याच्यावर ती वेळ व्यवस्थेने आणली.

मग उपचार कोणी केले? रेल्वे पोलिसांनी, अरीनाच्या कर्मचाऱ्यांनी, तिथल्या थोड्याशा प्रथमोपचारकांनी, आणि आपल्या मुलांना न्यायला आलेल्या लोकांनी. एका २८ वर्षांच्या तरुणाच्या पायांना मोठी दुखापत झाली होती. तो शुद्धीवर होता, बोलत होता. एका अनोळखी गृहस्थाने आपल्या पत्नीचा पट्टा त्याच्या पायाला आवळला आणि जवळपास तासभर तो धरून ठेवला. स्वतःही त्या स्फोटातून गेलेला माणूस, हातात वैद्यकीय साहित्य काहीही नाही, आणि तरी त्याने हात सोडला नाही. हे वाचताना मला प्रत्येक वेळी थांबावं लागतं.

पट्ट्याबद्दल थोडं तांत्रिक बोलायला हवं. धमनीतला रक्तस्राव थांबवायला खोलवर, एकसारखा दाब लागतो. टूर्निकेटला, म्हणजे रक्त थांबवायला हातापायाभोवती आवळायच्या पट्टीला, जी दांडी असते ती पिळून हा दाब येतो आणि अडकवून ठेवता येतो. कमरेच्या पट्ट्याला पीळ देता येत नाही, तो ताणून धरणाऱ्याचा हात थकला की सैलावतो. जखमेच्या वर चार बोटं टूर्निकेट बांधून, रक्त थांबेपर्यंत दांडी पिळून, बांधल्याची वेळ लिहून ठेवणं, हे काम शिकलेल्या माणसाला मिनिटभराचं आहे. पाऊचमध्ये मावणारी ती वस्तू आहे.

तो तरुण ४७ मिनिटं सिटी रूममध्ये होता. खाली नेल्यावरही तो स्टेशनच्या आवारात थांबला. पावणेबाराच्या सुमारास त्याचं हृदय थांबलं आणि मध्यरात्रीच्या आसपास तो इस्पितळात पोहोचला. योग्य उपचार वेळेत मिळाले असते तर तो बहुधा वाचला असता, असं चौकशीने स्पष्ट म्हटलं. मृतांमध्ये सर्वांत लहान असलेल्या आठ वर्षांच्या मुलीच्या बाबतीत वाचण्याची अगदी पुसट शक्यता होती, असं म्हटलं. बाकीच्या २० जणांच्या जखमाच जीवघेण्या होत्या.

स्ट्रेचर

रुग्णवाहिकांमध्ये स्ट्रेचर होत्या. त्या सिटी रूममध्ये कोणी नेल्या नाहीत. जखमींना जाहिरातीच्या फलकांवरून, टेबलांवरून, गर्दी अडवायच्या लोखंडी कठड्यांवरून खाली आणलं गेलं. त्या २८ वर्षांच्या तरुणालाही आधी फलकावर आणि मग कठड्यावर घालून नेलं. मोडलेलं हाड, फाटलेली जखम आणि खाली लोखंडी गज. प्रत्येक पायरीला बसणारा हिसका कसा असेल हे ज्याने कधी जिन्यावरून रुग्ण उतरवलाय त्याला सांगावं लागणार नाही.

अग्निशमन दलाची उणीव खरी इथे भासली. बंब आग विझवायला हवा होता असं नाही, आग नव्हतीच. जिन्यावरून एक स्ट्रेचर नीट उतरवायला चार माणसं लागतात, आणि पॅरामेडिकने उचलायला हात लावला की जखमेवरचा त्याचा हात सुटतो. उचलणं, अरुंद जागेतून काढणं, ओझं समतोल धरून पायऱ्या उतरणं, हे फायरमनचं रोजचं काम आहे. शिवाय त्यांच्यातल्या काहींना नेमक्या अशाच हल्ल्यासाठी जखमी हलवण्याचं प्रशिक्षण मिळालेलं होतं. स्फोटानंतर वीस-पंचवीस मिनिटांत तीन-चार बंबांवरचे जवान स्ट्रेचरसह वर गेले असते तर पॅरामेडिकना त्यांचं काम करायला मोकळीक मिळाली असती. सॉन्डर्स यांनी म्हटलं आहे की अग्निशमन दल सर्वांत जास्त उपयोगी पडू शकलं असतं तेव्हाच ते तिथे नव्हतं. रुग्णवाहिका सेवेने पुरेसे पॅरामेडिक आत पाठवले नाहीत आणि हाताशी असलेल्या स्ट्रेचर वापरल्या नाहीत, हेही त्यांनी तितक्याच रोखठोकपणे नोंदवलं आहे. पुढे तिन्ही सेवांच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली.

या प्रकरणावर दोन्ही सेवांची माणसं एकत्र बसली की एक वाद हमखास होतो. पॅरामेडिक म्हणतात, आम्हाला बुलेटप्रूफ जॅकेट नाही, शस्त्र नाही, दुसरा बॉम्ब असेल तर? फायरमन म्हणतात, आम्ही तर रोज धोक्यातच शिरतो, पडायला आलेल्या इमारतीत शिरताना कोण खात्री देतं? दोघांचंही म्हणणं खरं आहे, आणि दोघांनाही माझं एकच सांगणं असतं. आत जायचं की नाही हे दारात उभं राहून ठरवता येतं, तीन मैलांवरून ठरवता येत नाही. पोलिसांचा आत असलेला माणूस, रुग्णवाहिकेचा कमांडर आणि अग्निशमनचा अधिकारी तिघं एका जागी उभे असतील तर ‘धोका इतका आहे, एवढी माणसं, एवढा वेळ’ असा निर्णय होऊ शकतो. तो चुकेलही. पण न घेतलेल्या निर्णयाची किंमत मँचेस्टरने दाखवून दिली आहे.

आधीच दिसलेलं

हे कोणालाच ठाऊक नव्हतं असं असतं तर गोष्ट वेगळी. ७ जुलै २००५ च्या लंडन बॉम्बस्फोटांत ५२ जण गेले. त्यांच्या मृत्यूंची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती लेडी हॅलेट यांनी २०११ मध्येच आपत्कालीन सेवांच्या आपसातल्या समन्वयावर बोट ठेवलं होतं. २०१२ मध्ये तिन्ही सेवांसाठी जेसिप हा संयुक्त कार्यक्रम सुरू झाला. त्याची पाच तत्त्वं कुठल्याही प्रशिक्षणार्थीला तोंडपाठ असतात : एका जागी या, एकमेकांशी बोला, कामं वाटून घ्या, धोका मिळून समजून घ्या, परिस्थितीचं चित्र सगळ्यांसमोर एकच ठेवा. पहिलं तत्त्वच एका जागी येण्याचं आहे.

मे २०१६ मध्ये मँचेस्टरच्याच ट्रॅफर्ड सेंटरमध्ये विंचेस्टर अकॉर्ड नावाचा मोठा सराव झाला. त्यातही ड्युटी ऑफिसरवर कामाचा ढीग पडला, त्याच्याशी संपर्क होईना, फायरमन आणि पॅरामेडिक आदेशाची वाट बघत खोळंबले. वर्षभराने खऱ्या रात्री तेच पुन्हा घडलं. सरावात चूक सापडणं हे सरावाचं यश असतं. ती कोणाच्या नावावर, कुठल्या तारखेपर्यंत दुरुस्त करायची हे लिहिलं गेलं नाही की सराव फुकट जातो. या प्रकरणातली मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट ही आहे.

त्यानंतर बदललेलं

चौकशीच्या दुसऱ्या खंडात १४९ शिफारशी आहेत. त्यांतल्या अनेक ‘केअर गॅप’भोवती फिरतात, म्हणजे दुर्घटना घडल्यापासून पॅरामेडिक जखमीपाशी पोहोचेपर्यंतचा काळ. तो शून्यावर कधीच येणार नाही, म्हणून त्या काळात आसपासच्या माणसाला काय करता येईल यावर भर आहे.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते ब्रिटनमध्ये आलेलं दहा सेकंदांचं ट्रायाज, म्हणजे कोणाला आधी मदत हवी हे ठरवायची पद्धत. ते पोलीस आणि फायरमनलाही वापरता येतं. नाडी मोजायची नाही, श्वास मोजायचे नाहीत. चालतोय का? जोराचा रक्तस्राव आहे का? असेल तर प्रवर्ग ठरवत बसण्याआधी तो थांबवा. बोलतोय का? छातीपोटात काही घुसलंय का? श्वास घेतोय का? उत्तरावरून प्रवर्ग दाखवणारी पट्टी बांधायची आणि पुढे सरकायचं. जुन्या पद्धतीत नाडी आणि श्वास मोजत एकेका माणसापाशी जो वेळ जायचा तो इथे वाचतो, आणि मुख्य म्हणजे पॅरामेडिक येण्याची वाट न बघता काम सुरू होतं.

इमारतींच्या मालकांवरची जबाबदारीही आता कायद्यात आली. या स्फोटात मुलगा गमावलेल्या आईने वर्षानुवर्षं केलेल्या पाठपुराव्यामुळे एप्रिल २०२५ मध्ये कायदा मंजूर झाला. २०० किंवा अधिक माणसं जमू शकतात अशा ठिकाणी हल्ला झाल्यास काय करायचं याची तयारी ठेवावी लागेल, ८०० किंवा अधिक असतील तर अधिक कडक. अंमलबजावणीसाठी तयारीचा काळ दिलेला आहे.

आपल्याकडे काय करता येईल

महाराष्ट्रात अग्निशमनचा नंबर १०१, रुग्णवाहिकेचा १०८, पोलिसांकडून चालणारा ११२, मुंबई महापालिकेचा आपत्ती कक्ष १९१६. वर्दी कुठेही पडली तरी ती बाकीच्यांपर्यंत फोनाफोनीनेच जाते असा माझा अनुभव आहे, आणि मँचेस्टरचा घात नेमका फोनाफोनीने केला. २०१४ पासून सुरू असलेल्या १०८ सेवेत रुग्णवाहिकेवर डॉक्टर असतो ही आपली जमेची बाजू आहे. पण त्या डॉक्टरने आणि जवळच्या अग्निशमन केंद्रातल्या जवानांनी एकत्र स्ट्रेचर उचलल्याचे प्रसंग किती? मॉक ड्रिलमध्ये बंब येतो, शिडी लागते, फोटो निघतात, रुग्णवाहिका शेवटी येऊन उभी राहते. जिन्यावरून खरोखरचा ऐंशी किलोचा माणूस उतरवण्याचा भाग बहुतेक वेळा वगळलेलाच असतो.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्येच घटना प्रतिसाद प्रणालीची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. घटनेचा एक कमांडर आणि साधनं जमवायची ठरलेली जागा हे त्यात आहे. तेव्हा नव्या कागदाची गरज नाही. एखाद्या जिल्ह्याने उद्या सुरुवात करायची म्हटली तर मी चार गोष्टी सुचवेन. दर बंबावर सहा टूर्निकेट, आणि ती बांधायचा सराव हातमोजे घालून, अंधारात. गुंडाळून ठेवता येणारी दोन स्ट्रेचर दर बंबावर. गर्दीच्या प्रत्येक मोठ्या जागेसाठी, नाट्यगृह असो, रेल्वे स्टेशन असो की गणपतीतला मोठा मंडप, जमण्याची एकच जागा आधी ठरवून तिन्ही कंट्रोलच्या भिंतीवर लावलेली. आणि प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला तिन्ही कंट्रोलनी सामायिक चॅनलवर एकमेकांना हाक मारून ओ घ्यायची, रात्रीच्या पाळीतसुद्धा, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. ओ आली नाही तर तसं रजिस्टरमध्ये लिहायचं, आणि पाळी संपायच्या आत ती का आली नाही हे शोधायची जबाबदारी ज्याची आहे त्याचं नाव त्याच ओळीत घालायचं.